पावावर चोळलेला टोमॅटो

माझी मुलगी स्पेनमधल्या कॅटलान भाषेतल्या कथांचं इंग्रजीत भाषांतर करते. परवा ती एका वाक्यावर अडून बसली. त्यात भांडणानंतर बायको नवऱ्यासाठी, तिकडे रोज खातात तसा, पावावर अर्धा टोमॅटो चोळते, एवढंच.

“इंग्रजीत पावाला मलम चोळल्यासारखं वाटतंय. गाळूनच टाकते.”

सकाळपासून माझ्याशी अबोला धरलेल्या माझ्या बायकोने (कारण अर्थातच मी) टोमॅटो कापला, पावावर खसाखसा चोळला, वर तेल-मीठ घातलं आणि बशी माझ्यापुढे सरकवली.

“खा. पोरीचं काम अडलंय म्हणून हं.”

मी निमूट खाल्लं. मुलगी आईच्या हातांकडे बघत राहिली आणि मग लिहू लागली. घरातला तह कुठल्याही भाषेत असाच, थोडा ओलसर होत असावा. वाक्य गाळलं जाण्यापासून वाचलं.

मी आणखी एक मागितला.

“आता तुमचं तुम्ही चोळा,” ही म्हणाली.