आई वेगळ्याच भाषेत बोलू लागली

“सोडियम फारच खाली गेलंय,” डॉक्टर म्हणाले. हायपोनेट्रेमिया, म्हणजे रक्तातलं मीठ कमी होणं. रक्तदाबाच्या गोळ्या चालू, त्यात उलट्या, आणि मी आपली आईला साधं पाणी पाजत बसले होते. तुमच्या घरी असं झालं तर पाण्यावर विसंबू नका, डॉक्टर गाठा.

सोडियम एकदम वाढवलं तर मेंदूला इजा होते, म्हणून हळूहळू वाढवणार होते. तोवर तुमच्या आई काहीबाही बोलतील, म्हणाले. याला डिलिरियम म्हणतात, म्हणजे तात्पुरता भ्रम. घाबरू नका.

मी घाबरलेच. आई काहीबाही बोलत नव्हती. चांगली सलग बोलत होती, फक्त मला एकही शब्द कळत नव्हता. आवाजही तिचा नव्हता, कुठल्यातरी लहान मुलीचा होता.

आम्ही पुनावळ्याचे, वडील साताऱ्याकडचे मराठा. आईच्या माहेरचं कोणी उरलं नाही, एवढंच मला ठाऊक. लहानपणी ती माझे केस कपाळावर ओढून विंचरायची आणि माझ्याकडे कधी नीट बघायची नाही. मी दिसायला वाईट, असंच मी धरून चालले. चाकणला कंपनीत सुपरवायझर झाले तरी ते मनातून गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि टक लावून बघितलं. “याडी,” म्हणाली, आणि माझ्या गळ्यात पडून रडू लागली. चालीवर, गाणं म्हणावं तशी. सिस्टरला वाटलं दुखतंय. ती इंजेक्शन आणायला धावली.

तेवढ्यात शेजारच्या खाटेवरची पुसदकडची म्हातारी त्याच चालीत रडू लागली. दोघींना सलाइन लावलेलं, दोघींचा सूर एक, आणि अख्खा वॉर्ड आमच्याकडे बघतोय. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

म्हातारीने डोळे पुसले. “बंजारा आहे तुही माय. लय दिवसानं भेटलं का आमच्यात बाया अशाच रडतेत. याडी म्हंजे माय. तुले आपली माय समजून राह्यली.”

सोडियम वर येत गेलं तशी ती भाषा ओसरली. घरी सोडायच्या दिवशी आईने पहिलं विचारलं, “मी काही बोलले का गं? कोणी ऐकलं?”

“मी ऐकलं. आणि मला राग आलाय. माझी माणसं मला का दाखवली नाहीस?”

ती माझ्याकडे न बघता बोलू लागली.

“तुझ्या बाबांच्या घरी कळलं असतं तर मला ठेवलं नसतं. आणि तू हुबेहूब माझ्या आईसारखी. ते कपाळ, ते डोळे. तिला न सांगता निघून आले मी. तुझ्याकडे बघायची भीती वाटायची.”

डॉक्टरांचे आणि त्या म्हातारीचे माझ्यावर उपकार आहेत. चाळिशीला आल्यावर मला कळलं, हा चेहरा आधी कुणाचा तरी होता आणि आईचा त्याच्यावर जीव होता.

मी आजीचं नाव विचारलं. आईने सांगितलं, आधी दाराकडे बघून.