पंपघराचा आडणा

व्हर्ना टिबेट्सला गप्प बसता येत नाही, हे अख्ख्या ऑल्डर फॉल्सला ठाऊक आहे. वर्षानुवर्षं शाळेची बस चालवून तिचा आवाज असा झालाय की शेवटच्या बाकावरचं पोरही ताठ बसतं. नवरा हार्लन होता तेव्हा म्हणायचा, "हळू बोल गं, शेजारी ऐकतील." ती म्हणायची, "ऐकू देत की, त्यांच्याबद्दलच चाललंय." आता हार्लन नाही आणि तिला हळू बोल म्हणायची कुणाची छातीही नाही.

गावाचं पाणी आणि सांडपाणी तीन निवडून दिलेले विश्वस्त बघतात. निवडून दिलेले म्हणायचं आपलं! दुसरं कुणी उभंच राहत नाही, म्हणून तेच ते. अध्यक्ष एल्वुड, हार्लनचा सख्खा भाऊ. सभा नदीकाठच्या पंपघरात. कायद्यानं सभा सगळ्यांना खुली. पण त्या दाराची खिट्टी मोडकी. नदीवरचा वारा सुटला की दार धाडकन उघडायचं आणि कागद उडायचे. म्हणून एल्वुडनं कधीतरी आतून लोखंडी आडणा, म्हणजे आडवा दांडा, बसवून घेतला. खिट्टी दुरुस्त करायचं मात्र कुणाला सुचलं नाही. सभा सुरू झाली की आडणा घालायचा. ऐकायला कुणी येतच नव्हतं, मग अडणार कोण?

त्या जानेवारीत विषय निघाला टेकडीचा. टेकडीवर चढणारा नळ जुना झालाय, दर हिवाळ्यात फुटतो. तो बंदच करावा, टेकडीवाल्यांनी आपापल्या विहिरी खणाव्यात. व्हर्नाचं घर टेकडीवर. आणि टेकडी म्हणजे नुसता कातळ. विहिरीला पाणी लागत नाही म्हणून तर नळ वर नेला होता. नळ गेला की घर गेलं, इतका सरळ हिशेब.

सभेच्या सकाळी पोरांना शाळेत सोडून व्हर्ना तशीच पंपघराकडे आली. दार बंद. तिनं दार ठोठावलं, हाका मारल्या. आत पंपाची घरघर. कुणाला काही ऐकू जाईना. बर्फात उभं राहून पाय बधिर झाले, तेव्हा कुठं दार उघडलं. हातमोजे चढवत एल्वुड बाहेर आला.

"अगं व्हर्ना, तू इथं?"

"सभेला आलेय."

"झाली की सभा. टेकडीचा ठराव मंजूर." मग जरा ओशाळून म्हणाला, "आत यायचंस ना."

"आडणा होता, एल्वुड."

"वारा येतो गं."

"मीही येते."

संताप संताप झाला तिचा. कातळावर राहणाऱ्यांना विहीर खणा म्हणायचं, तेही दार लावून! "ऐक," ती म्हणाली, "दार नीट लागल्याशिवाय मी बस हलवत नाही, तो माझा नियम. दार लावून सभा हलवायची नाही, हा तुझा. तुझा ठराव रद्द."

एल्वुड हसला. पण घरी जाऊन त्यानं वकिलाला फोन केला. वकील म्हणाला की बाई बरोबर बोलतायत. एल्वुडच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यानं गावभर सांगितलं, "एवढंच ना? मार्चची निवडणूक होऊ दे, एप्रिलमध्ये तोच ठराव दार उघडं ठेवून करतो." आपल्या जागेला कुणी हात लावेल, असं त्याच्या मनातही आलं नाही. व्हर्ना दुसऱ्याच दिवशी त्याच जागेसाठी निवडणुकीला उभी राहिली.

चर्चच्या शनिवारच्या जेवणात ती घेवड्याचं ताट घेऊन टेबलाटेबलाशी गेली. खालच्या गल्लीतला एकजण म्हणाला, "आमच्या नळाला काय धाड भरलीय? आम्ही कशाला मत देऊ?"

"आज टेकडी, उद्या तुझी गल्ली," व्हर्ना म्हणाली. "आणि तेव्हाही दार लावलेलंच असेल. ठोठावून बघ, मी ठोठावलंय."

पलीकडून एल्वुड ओरडला, "द्या तिला मत! निदान माझं डोकं खायची थांबेल." लोक हसले. आणि मार्चमध्ये खरंच दिलं की मत!

एप्रिलच्या सभेत व्हर्नानं आधी तो आडणा काढला आणि दाराला टेकू म्हणून लावला. वारा घोंघावत आत आला. कागदांवर पंपाचे नट आवळायचे लोखंडी पाने ठेवून, टोप्या कानांवर ओढून सभा झाली. टेकडीची माणसं दारात दाटीवाटीनं उभी होती. रॉस्को नावाचा म्हातारा विश्वस्त इतकी वर्षं एल्वुड म्हणेल त्याला मान डोलवत आलेला. त्यानं एकदा त्या माणसांकडे बघितलं, आणि नळ ठेवायच्या बाजूनं व्हर्नाबरोबर हात वर केला. नळ राहिला.

पुढच्या हिवाळ्यात एल्वुडच्या तळघरात सांडपाणी उलटं आलं. सभेच्या दिवशी तो टोपी हातात घेऊन आला. दार सताड उघडं, तरी बाहेर बर्फात उभा राहून चौकटीवर टकटक करत राहिला.

"वाजवू नकोस रे," व्हर्ना आतून म्हणाली. "उघडंच आहे. ये, पुढं बस. मागं वारा लागतो."