तीन वेळा शून्य

मी तीन आकडे खोटे सांगितले. नोकरीत नाही, घरी. तिन्ही वेळा एकच आकडा होता, आणि तो माझ्या धाकट्या भावाबद्दल होता.

पहिला सांगितला तेव्हा मी नांदगाव पेठजवळच्या एका शेतात उभा होतो. मी कृषी खात्यात आहे. पीक कापणी प्रयोगांवर देखरेख ठेवणं हे माझं काम. शेतातली कुठली चौकट कापून वजन करायचं, ते आम्ही डोळ्यांनी ठरवत नाही, चिठ्ठीवर आलेल्या आकड्यांवरून ठरतं. नैऋत्येच्या कोपऱ्यापासून इतकं लांब, इतकं रुंद, तिथे खुंटी. तिथे सोयाबीन असो की नुसतं गवत, खुंटी हलवायची नाही. त्या दिवशी आमच्या सहायकानं ती चार पावलं सरकवली होती, कारण ठरलेल्या जागी पाणी साचून झाडं पिवळी पडली होती.

"सर, इथं काहीच नाई निघत," तो म्हणाला.

"नाही निघत तर नाही म्हणून लिही. पीक कुठं चांगलं आहे ते कोणी विचारलं तुला?"

पंधराएक माणसं पाहत होती. मी त्याला चांगलंच झापलं. खुंटी जागेवर आणली, दोरी ताणायला लावली आणि खिशातला फोन वाजला. एका मुलीचा आवाज होता. व्यसनांवरच्या उपचाराचा अभ्यास चालला आहे, त्यातून बोलते, म्हणाली. "काका, मागच्या तीस दिवसांत तुमच्या भावानं किती दिवस नशा केली?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, "शून्य."

मला किमान पाच दिवस माहीत होते, तारखांसकट. आदल्या रविवारी अकोल्याला त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याच्या दंडावरचे ताजे डाग मी स्वतः पाहिले होते.

भाऊ ट्रक चालवायचा, कापसाच्या गाठींचा. एकदा गाठ उतरवताना पाय घसरला आणि कंबर गेली. दुखणं थांबवायला गोळ्या, गोळ्या पुरेनात म्हणून इंजेक्शनं, आणि कंबर बरी झाल्यावरही इंजेक्शनं. ट्रक सुटला. फोन दोनदा विकला गेला, म्हणून अभ्यासाच्या कागदावर माझा नंबर लागला. 'काळजी घेणारा' या शब्दांसमोर माझी सही आहे. हा अभ्यास अकोल्यातल्या ज्या व्यसनमुक्ती केंद्रात चालला होता, तिथे त्याला रोज सकाळी औषधाच्या खिडकीवर जावं लागे. तिथली नर्स जिभेखाली ठेवायची गोळी द्यायची आणि ती विरघळेपर्यंत समोर बसवून ठेवायची. फोनवर तीन महिने लागोपाठ शून्य आलं, की माणूस 'स्थिर' धरायचा. मग रोजचं येणं बंद, पंधरा दिवसांच्या गोळ्या एकदम हातात, आणि घरी येणारी समाजसेविकाही बंद. हा नियम मला माहीत होता. वाचल्याशिवाय मी सही करत नाही.

पहिल्या वेळी आजूबाजूला माणसं होती, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या फोनच्या वेळी मी अमरावतीच्या घरात एकटाच खुर्चीत बसलो होतो. तरी दोन्ही वेळा शून्यच. आमच्या वस्तीत आमचं घर शिकलेलं घर म्हणून ओळखलं जातं. बापानं लोकांच्या बांधावर राबून दोन पोरं शिकवली, त्यातला एक साहेब झाला. पौर्णिमेला विहारात वंदना मीच घेतो. माझ्यामागे शंभर माणसं पाचवं शील म्हणतात, नशेपासून दूर राहण्याचं. ज्याच्या घरात ते मोडलंय त्यानं पुढे कसं बसायचं? म्हणून मी चौथं मोडलं, खोटं न बोलण्याचं, आणि पुढेच बसत राहिलो.

तिसऱ्या शून्यानंतर भावाला पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. त्यानं अर्ध्याअधिक विकल्या आणि त्या पैशांत पुन्हा इंजेक्शनं आणली. आठव्या दिवशी भावजयीला तो मोरीत पडलेला सापडला, ओठ निळे, श्वास तुटत तुटत. तिनं आणि ऑटोवाल्यानं उचलून दवाखान्यात नेला. वाचला. ती फोनवर एवढंच म्हणाली, "दादा, तुमी त म्हनलं होतं का सारं ठीक सांगतलं."

होय. ठीकच सांगितलं होतं.

पुढच्या रविवारी मी अकोल्यात त्याच्या घरी होतो, तेव्हा दारात स्कूटी थांबली. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलगी, पाठीवर बॅग. तोंड उघडल्याबरोबर आवाज ओळखला.

"जयभीम काका. मी फोनवाली."

माझं डोकं तापलं. समोरच्या ओट्यावर शेजारीण तूर पाखडत होती. तिचं सूप थांबलं.

"पाव्हनी आली काय जी?"

"बँकेतून आली," मी म्हणालो, आणि मुलीला दबक्या आवाजात, "तुमाले घरी यायले कोनी सांगतलं? केंद्रानं?"

"कोणीच नाही. आज माझी सुट्टी आहे."

"मंग सुट्टी घ्या. दुसऱ्याच्या दारात काहून येऊन राहिल्या?"

आतून भाऊ हसला. खाटेवर पडूनच ओरडला, "येऊ द्या तिले आत! हा भाऊ साऱ्या जिल्ह्याचं सोयाबीन मोजते, मले कोनी मोजाले आलं त दारात उभा राहते."

भावजयीनं मला बाजूला सारलं आणि खुर्ची पुसून ठेवली.

ती मुलगी बाळापूरची. मानसशास्त्र शिकलेली, अभ्यासात दुसरं वर्ष, करार मार्चपर्यंतचा. तिनं बॅगेतून कागद काढले. फोनवर आलेली उत्तरं आणि लघवीच्या तपासणीचे निकाल जुळत नव्हते. ज्या घरांतून शून्य शून्य आलं होतं, त्यातलीच माणसं तपासणीला गैरहजर राहत होती. तिनं वरिष्ठांना दाखवलं. ते म्हणाले, फोनची माहिती गोळा झाली, आता त्यावर शोधनिबंध लिहायला घे. मग ती रविवारी रविवारी, स्वतःच्या पेट्रोलवर, एकेक घर गाठत होती. अकरा घरांनी उत्तर बदलून दिलं होतं. आमचं बारावं.

मला तिचा राग आला होता तो उतरला नाही, फक्त त्याचा रोख फिरला. ही पोरगी जे करत होती ते काम माझं होतं. मी आयुष्यभर दुसऱ्यांना जे शिकवलं, ते ती मला उपदेश न करता करत होती.

तिनं माझं उत्तरपत्र पुढे ठेवलं. "काका, एकच रेघ मारा. जुना आकडा वाचता आला पाहिजे. बाजूला नवा लिहा, सही, तारीख."

आमच्या खात्यातही असंच. मी रेघ मारली. पाच, मग नऊ, मग अकरा दिवस. दुसरा आणि तिसरा आकडा भावजयीनं सांगितला. ती कॅलेंडरवर टिंबं करत होती, मला माहीतच नव्हतं. खाली कारणाचे रकाने होते. मी लिहिलं, 'चुकीने.'

तिनं कागद फिरवून माझ्याकडे केला. "चुकीनं, की माहीत असून? दोन वेगळे रकाने आहेत, काका."

भाऊ छताकडे पाहत होता. मी 'चुकीने'वर रेघ मारली आणि शेजारच्या रकान्यात लिहिलं, 'माहीत असून.' रागानं मी पेन इतकं दाबलं होतं, की खालच्या कागदावर अक्षरं उमटली.

सोमवारी रजा टाकली आणि भावाला घेऊन केंद्रात गेलो. ती मुलगी होतीच. मोठे डॉक्टर, तिचे वरिष्ठ, सभ्य माणूस. बसा म्हणाले, चहा मागवला. मी सांगितलं, की माझी तिन्ही उत्तरं खोटी होती, ही दुरुस्ती घ्या आणि याला परत रोजच्या खिडकीवर घ्या.

"तुमचा प्रामाणिकपणा चांगला आहे," ते म्हणाले. "पण माहिती बंद झाली आहे. आमच्या नोंदीत हे स्थिर आहेत. स्थिर पेशंटला रोजच्या खिडकीवर जागा देता येत नाही. नव्यानं नाव घाला, दोनेक महिन्यांत नंबर लागेल."

"दोन महिन्यांत हा मरेल. मागच्या आठवड्यात मरत होता."

"त्याची नोंद आमच्याकडे नाही."

"ती दुरुस्ती त्यासाठीच आणलीय ना!"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मुलीकडे पाहिलं. "एक घेतली तर तुमच्या बाकीच्या अकराही घ्याव्या लागतील. सांगितलं होतं ना मी? हे आपल्या पद्धतीत बसत नाही. तुमचा करार मार्चपर्यंतच आहे, नाही का?"

ती म्हणाली, "हो सर. पण सर, मार्चनंतरही हे आकडे खोटेच राहतील."

तेवढंच बोलली. तिचा आवाज कापत होता, आणि तो कापत होता म्हणून मला त्या टेबलावरचा चहा भिंतीवर फेकावासा वाटला. हिचं वय काय, पगार काय, आणि हिला धमकी कसली देता? घरोघरी फिरून खरं गोळा करणाऱ्या पोरीला कराराची तारीख ऐकवायची, आणि खुर्चीत बसून खोटं सांगणाऱ्या माझ्यासारख्याला चहा द्यायचा. चांगला निकाल सगळ्यांना हवा होता. मला वस्तीत हवा होता, त्यांना शोधनिबंधात हवा होता. आमची दोघांची गरज बरोबर जुळली होती आणि मधल्या मधे माझा भाऊ मोरीत पडला.

मी उठलो, दार उघडलं आणि बाहेरच्या दालनात गेलो. तिथे पन्नासेक माणसं बसली होती. बायका, बाप, भाऊ, डब्यांच्या पिशव्या. मी मोठ्यानं म्हणालो, "माझा भाऊ इथं औषध घेतो. मला फोनवर विचारलं, मी तीनदा खोटं सांगितलं की तो नशा करत नाही. मी सरकारी नोकर आहे. तुमच्यात कोणी असंच सांगितलं असेल, तर या आणि खरं लिहून द्या. नाहीतर तुमच्या माणसाचं रोजचं औषध बंद होईल."

कोणी हललं नाही. सगळे पायाकडे पाहत होते. मीही तिथे बसलो असतो तर पायाकडेच पाहिलं असतं. भाऊ मागून आला आणि त्यानं माझी बाही ओढली.

"बस कर ना भाऊ. लोकं गोळी घ्याले आले, भाषन ऐकाले नाई."

दोघं-तिघं हसले. एक म्हातारी मात्र हसली नाही. ती पदर तोंडाला लावून त्या मुलीकडे पाहत राहिली.

डॉक्टरांनी मला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. आवाज तसाच सभ्य. "तुमच्या भावाला आजपासून रोजच्या खिडकीवर घेतो. दवाखान्यातून आलेला तातडीचा पेशंट म्हणून नवीन नोंद. जुन्या नोंदीला हात लावायचा नाही. आणि बाहेर हे असलं पुन्हा नको."

म्हणजे माझी तीन शून्यं तशीच राहणार. त्या मुलीचे अकरा कागद तसेच राहणार, त्या अकरा घरांची माणसं स्थिर राहणार. हे मला त्याच क्षणी कळलं, कळायला उशीर लागला नाही. हिशोब माझ्या हाडात आहे. भाऊ काचेच्या दारापलीकडे भिंतीला टेकून उभा होता, त्याला सकाळपासून घाम फुटत होता.

मी हो म्हणालो.

बाहेर येऊन त्या मुलीला सांगितलं. मला वाटलं ती चिडेल. चिडायला हवी होती. ती म्हणाली, "त्यांचं औषध सुरू झालं ना काका, मग बरं." आणि बारावा कागद बॅगेत ठेवला. मार्चमध्ये तिचा करार वाढला नाही. हे मला भावजयीनं कळवलं. नंतर मी मोठ्या डॉक्टरांना दोन पत्रं पाठवली, पोचपावतीसह. उत्तर नाही. माझा राग अजून जागच्या जागी आहे आणि त्यातला मोठा वाटा कोणाचा हे मी नीट जाणतो. पुढच्या पौर्णिमेपासून वंदना दुसरं कोणी घ्यावं असं मी विहारात सांगितलं. कारण विचारलं तेव्हा कारणही सांगितलं. त्यानंतर दोन घरचे लोक आमच्याकडे येईनासे झाले, आणि एका घरची बाई गुपचूप केंद्राचा पत्ता विचारायला आली.

त्या सोमवारी, डॉक्टरांकडून बाहेर आल्यावर, खिडकीवर भावाचा नंबर लागला. नर्सनं गोळी जिभेखाली ठेवायला सांगितली. तो बाकावर तोंड मिटून बसला, मी शेजारी. दहा मिनिटं त्याला बोलता येत नव्हतं, मी भिंतीवरचं घड्याळ पाहत होतो. मग नर्सनं तोंड उघडायला लावलं, जीभ वर करायला लावली, पाहिलं, टिक केली.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "उद्या तू नको येऊ. नोकरी आहे तुले. मी येतो एकटा."

"येशीन काय?"

"पाहू."

"पाहू म्हणजे काय? मले पक्कं सांग."

त्यानं ऑटोला हात केला. ऑटो थांबली नाही. "पक्कं मले माहीत नाई, भाऊ," तो म्हणाला. "नाई आलो त नाई आला म्हनून सांगजो. तेवढं कर."