राहतं कुलूप

चावीचा साबणावरचा ठसा घेऊन या, चावीवाल्या मावशी चावी करून देणार नाहीत म्हणजे नाहीत. कुणी फारच गयावया केली तर म्हणायच्या, "बाबा रे, तुझ्यावर विश्वास आहे, साबणावर नाही." नवरा गेला तेव्हा त्यांनी त्याची कानस हातात घेतली. हे बाईमाणसाचं काम नव्हे, असं लोक म्हणाले. म्हणेनात का! पुढे त्याच लोकांची अडकलेली दारं मावशींनीच उघडून दिली.

अशी ही खमकी बाई चुकली, आणि तीही भर दुपारी.

ओळखीच्या घरमालकाने बोलावणं धाडलं. "मागची खोली वर्षभर बंद आहे. चावी सापडत नाही. घर माझंच, हे बघा कागद." कागद खरे होते. मावशींनी कुलपात तार घातली, आणि लोण्यात सुरी जावी तसं ते उघडलं. त्यांचा हात थबकलाच. वर्षभर बंद पडलेलं कुलूप कुरकुरतं, गंज सोडतं. हे तर तेल दिलेलं, रोज उघडणारं कुलूप होतं. इथे कुणीतरी राहतंय! पण मालक ओळखीचा पडला. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. मावशींनी कुलूप उतरवून कडी काढून दिली आणि हत्यारं गोळा करून त्या निघून आल्या.

संध्याकाळी दुकानात एक नर्स आली. अंगावर ड्युटीचेच कपडे, डोळे लाल. "मावशी, माझं सामान जिन्यात फेकलंय आणि दाराला दुसरंच कुलूप आहे. तेवढं उघडून द्या ना."

कुठली खोली ते ऐकलं आणि मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उघडणार नाही," त्या म्हणाल्या. "चल, पोलीस चौकीत जाऊ."

दुकानात बसलेल्या मावशींच्या मुलीने त्यांचा दंड धरला. "आई, तुला काय गरज? तुझ्यावरच शेकेल. या दुकानावर आपलं घर चालतं गं!"

"म्हणूनच जाते," मावशी म्हणाल्या आणि चपला घातल्या.

तक्रार होणार हे ओळखून घरमालक चौकीत आधीच हजर होता. "ही बाई सामान टाकून वर्षापूर्वीच सोडून गेली साहेब. स्वतःच्या घरात शिरलो, त्यात घरफोडी कसली?"

"घर तुमचं असेल हो, पण राहणाऱ्याला न विचारता कुलूप काढून आत शिरलात तर तो गुन्हाच. तुरुंगाची हवा खावी लागेल," फौजदार म्हणाले. "प्रश्न एवढाच, की ही तिथे राहत होती का?" भाडेपावती नर्सच्या हातात कुणी कधी दिलीच नव्हती.

"राहत होती," मावशी म्हणाल्या आणि कुलपाचं सगळं सांगून टाकलं.

फौजदारांनी पेन खाली ठेवलं. माणूस भला होता. "मावशी, हे दार उघडून दिल्यानंतर लक्षात आलं, असं लिहू का? आधीच कळलं होतं म्हणालात तर तुम्हीही आरोपी. दुकानाला टाळं लागेल."

तीस वर्षांचं दुकान, पदरात मुलगी. घरमालक आशेने त्यांच्याकडे बघत होता. नर्सही बघत होती.

"नंतर नाही," मावशी म्हणाल्या. "तार फिरवली तेव्हाच कळलं होतं. कडी मी त्यानंतर काढली. तसंच लिहा. आणि आरोपींत मालकाच्या नावाखाली माझं नाव घाला."