पंखा ओरडायला लागला की

"पंखा ओरडायला लागला, की प्रोसेसर थंड ठेवणारी पेस्ट सुकली समजा. लगेच बदलून घ्या," कॉम्प्युटर दुरुस्त करणारे माझे बाबा गिऱ्हाइकांना बजावायचे. घरी मात्र दिव्याखाली अंधार! टायपिंगची कामं घेणाऱ्या आईचा कॉम्प्युटर सहा वर्षं घरघरत होता. ती रोज सांगायची. बाबांचं ठरलेलं, "उद्या बघतो." तो उद्या काही उजाडला नाही.

आई गेल्यावर त्यांनी तो कॉम्प्युटर उघडला. प्रोसेसरवरची पेस्ट खडूसारखी भुरभुरली. ती पुसून त्यांनी वाटाण्याएवढी नवी लावली. दहा मिनिटांचं काम! कॉम्प्युटर सुरू झाला, पण पंखा ऐकूच येईना. बाबा तिच्या खुर्चीकडे बघत राहिले.

"एवढ्या आवाजात ती ओरडूनच बोलणार ना गं," ते म्हणाले. "मला वाटायचं, तिचा स्वभावच तसा."