लीलाधर सरांच्या नऊ पंगती

जळगावच्या एका कॉलेजात गणित शिकवणारे लीलाधर सर भोळे होते. गणितावर विश्वास ठेवायचे ते ठीक, पण नातेवाइकांवरही ठेवायचे! त्र्याण्णव साली त्यांनी पोरांसाठी संगणकावर एक प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावर ठिपके मांडायचे, रेघांनी जोडायचे आणि जोडलेल्या दोन ठिपक्यांना एकच रंग येऊ न देता कमीत कमी रंगांत काम भागवायचं. पडदा काळा-हिरवा, म्हणून रंगांना नंबर दिलेले. "तीन म्हणजे तांबडा," सर सांगत. पोरं जांभया देत.

तेवढ्यात मुलीचं लग्न ठरलं आणि बायको झुंबरबाईंची झोप उडाली. शिरपूरकडच्या भाऊबंदांत कोण कोणाशी बोलत नाही, याचा काही पत्ताच लागेना. सरांचे थोरले काका लोटनआबा तर आजवर तीन लग्नांत भरल्या ताटावरून उठलेले. इथे कोणी उठलं, तर पोरीची सासरी नाचक्की.

"सोपं आहे," सर म्हणाले. "माणूस म्हणजे ठिपका, अबोला म्हणजे रेघ, रंग म्हणजे पंगत."

प्राचार्यांच्या परवानगीने संगणक रिक्षात बसून पिंप्राळ्याला सरांच्या घरी आला. लग्नाला जमलेली मंडळी त्याच्याभोवती बसली. भाऊबंदांतल्या भिकननानांच्या नावाला पाच रेघा निघाल्या. लोटनआबांनी लगेच आपल्या मोजल्या.

"माले दोनच? मी काय ऐरागैरा शे का?" आबा कडाडले. "भिकनशी जोड! त्याना सालाशीबी जोड!"

मग काय, प्रत्येकालाच रेघा हव्या झाल्या. ज्यांचं कधी वाजलं नव्हतं, तेही आहेराच्या टोपी-उपरण्यावरून जुने रुसवे उकरून काढू लागले. संगणकाने आधी काढलेल्या तीन पंगतींच्या नऊ झाल्या. नवव्या पंगतीत एकटे लोटनआबा, कारण बाकी आठांतही त्यांनी कोणाशी ना कोणाशी रेघ ओढून घेतली होती.

लग्नात नऊही पंगती एकाच वेळी मांडल्या. आपल्या पंगतीत आबा एकटेच वरण-बट्टीपुढे बसले. दोन घास खाल्ले, इकडेतिकडे बघितलं आणि उठले. झुंबरबाईंनी डोळेच मिटून घेतले.

आबा ताट घेऊन थेट भिकननानांपुढे जाऊन उभे राहिले. "सरक रे भिकन. एकटा बठीसन घास उतरस का?"

नाना सरकले. ते बघून बाकीचेही ताटं उचलून हव्या त्या माणसाशेजारी जाऊन बसले. वरणाची बादली हातात धरून सर आनंदाने रडायलाच लागले.

"गणित चुकलं हो तुमचं," झुंबरबाई हसत म्हणाल्या.

"गणित बरोबर होतं. माहितीच खोटी होती."

तेवढ्यात आबा भरल्या तोंडाने ओरडले, "लीलाधर, त्या रेघा पुसजो नको हां! भिकनना पोऱ्याना लगीनमा लागतीन."