आईचं परमिट आणि आमचं एकमत

चिटणीस झालं की किस्से आपोआप जमतात. इतिवृत्तात लिहिता येत नाही ते सगळं डोक्यात साठतं. संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीत मी गिरगावातल्या आमच्या गोवेकर मंडळाचा चिटणीस होतो. गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडे. सीमा आपल्या सरकारने बंद केलेली, परमिट मिळणं मुश्कील. आमच्या नारायणाची म्हातारी आई पलीकडे पेडण्यात एकटीच अडकलेली. मंडळाने एकमुखी अर्ज केला तर सरकार ऐकेल, अशी आशा होती. पण एकमुखी असं आमच्यात काही नव्हतंच!

वसंतराव मास्तर कडक. "पोर्तुगीज जाईपर्यंत सीमा बंद म्हणजे बंद. माणसांबरोबर हेरही येतात."

गिरणीतला पुंडलिक दुसऱ्या टोकाला. "आपल्याच माणसांका परमिट कसला?"

दोघांच्या मध्ये नारायण बसायचा. मला त्याच्याकडे बघवत नसे.

*

एकदा पुंडलिक म्हणाला, "ग्रामदेवाक कौल लावया. उजवी पाकळी पडली तर सीमा उघडी."

देवाला चिकटवलेल्या पाकळ्यांतून होकार-नकार घ्यायचा, गावची रीतच ती. सगळे लगेच तयार झाले. मग आठवलं, देव पेडण्यात!

वसंतराव म्हणाले, "काढा आता देवाला विचारायचं परमिट."

*

शेवटी मधला मार्ग निघाला. सीमा बंदच, पण नातेवाइकांना चौकशी करून सोडावं. मग नात्यांची यादी सुरू झाली. आई-बाप, आत्या, मावशी, मामेसासू.

वसंतराव वैतागले. "एवढी नाती घातल्यावर बाहेर राहणार कोण?"

"पोर्तुगीज," पुंडलिक म्हणाला.

यादी शेवटी म्हातारे आणि आजारी यांच्यावर थांबली.

*

इतिवृत्तात मी लिहिलं, 'तडजोड मंजूर.' वसंतराव भडकले. द्विभाषिक राज्याची तडजोड गळ्यात पडल्यापासून तो शब्द त्यांना शिवीसारखा लागायचा. मी खोडून 'एकमत' लिहिलं. दोघांनी आनंदाने सह्या केल्या.

*

काही महिन्यांनी खरंच परमिट आलं. भाऊच्या धक्क्यावर आम्ही सगळे बोटीची वाट बघत होतो. "तपासणी नीट झाली का ते बघायला आलोय," वसंतराव म्हणाले.

म्हातारी उतरली. नारायणाने तिचे पाय धरले ते सोडीचना. माझेही डोळे भरून आले. त्याच्या पत्रांतून तिला आमची भांडणं कळली होती. तिने त्याला उठवलं आणि विचारलं, "शीम बंद ठेवा म्हणी तो कोण?"

वसंतराव पुढे झाले. "मीच."

"तुझी आवय खंय रवता?"

"आई म्हापशाला, पलीकडेच."

"मगे तिचो फॉर्म कधी भरतलस?"

वसंतरावांनी खिशातून घडी पडलेला कागद काढून माझ्याकडे दिला. "चिटणीस, हाही पाठवा."

फॉर्म पूर्ण भरलेला होता. खाली तारीख होती आमच्या परमिटावरच्या पहिल्या सभेच्याही आधीची.